तारांकित खेळाडू आणि मैदानावरील निकाल
ओहायो आणि मिशिगन विद्यापीठांच्या फुटबॉल-भरतीची तुलना

अमेरिकेतील ओहायो आणि मिशिगन ही शेजारी राज्ये होत. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ओहायो स्टेट आणि मिशिगन या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत जो सामना होतो, तो पाहण्यास एक लाखाहून अधिक प्रेक्षक लोटतात. हे संघ १८९७ साली प्रथम एकमेकांसमोर आले. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हाती धरून वा फेकून पुढे न्यावयाचा, अंगाला अंग भिडवून खेळावयाचा असा हा खेळ आहे. आक्रमणासाठी ११ आणि बचावासाठी निराळे ११ खेळाडू लागतात. साहजिकच संघ मोठा असतो. अनेक वर्षे एका संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार ती जाऊन १०५ खेळाडूंची मर्यादा आली.

व्यावसायिक संघांत शिरण्यासाठी माध्यमिक शाळा सोडून तीन वर्षे व्हावी लागतात. त्यामुळे होतकरू मुलासाठी विद्यापीठ हाच व्यवहारतः एकमेव मार्ग उरतो. प्रशिक्षक सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या शाळांत व घरी जातात, पालकांशी बोलतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. ज्या कुटुंबाला उच्च शिक्षणाचा खर्च झेपणारा नाही, त्याच्या दृष्टीने हा केवळ खेळाचा प्रश्न नसतो.

या भरतीचे मोजमाप करणाऱ्या खासगी संस्था मुलांना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पाच तारे मिळविणारी मुले देशभरात वर्षाला साधारण तीसच्या घरात असतात, चार ताऱ्यांची काही शेकडा, तर तीन ताऱ्यांची हजाराच्या वर. विद्यापीठाने निवडलेल्या मुलांचे गुण एकत्र करून त्या वर्षाच्या भरतीचा क्रम लावला जातो. दोन प्रतिस्पर्ध्यांचे समर्थक हाच क्रम पुढे करून वाद घालतात.

या ताऱ्यांना अर्थ नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. व्यावसायिक संघांत तीन वा कमी ताऱ्यांचे पुष्कळ खेळाडू दिसतात, म्हणून तारांकन फोल ठरते असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्यात गणिताची चूक आहे. तीन ताऱ्यांची मुलेच मुळात कितीतरी अधिक असल्याने त्यांच्यातून वर पोचणाऱ्यांची संख्याही मोठी दिसते. शेकडा प्रमाण काढले, तर पाच तारे मिळालेला मुलगा पुढे जाण्याचा संभव पुष्कळच अधिक ठरतो. अलीकडील राष्ट्रीय विजेत्या संघांच्या आधीच्या चार वर्षांच्या भरतीत चार-पाच ताऱ्यांची मुले निम्म्याहून अधिक होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

तथापि हे मोजमाप निर्दोष नाही. मोठ्या विद्यापीठाने एखाद्या मुलाला मागणी घातली की त्याचे तारे वाढतात, आणि मग त्याच ताऱ्यांवरून त्या विद्यापीठाची भरती उत्तम ठरते! एरवी हुशार वाटणारे समर्थकही हे वर्तुळ पाहात नाहीत. शिवाय एकूण गुणांच्या हिशेबात २८ मुले घेणारा संघ २० मुले घेणाऱ्या संघाला सहज मागे टाकतो. तेथे दरडोई सरासरी पाहणेच योग्य. आघाडीच्या फळीतील धिप्पाड खेळाडूंची अंगकाठी विशीपर्यंत भरत राहते. त्यांच्याविषयी सतराव्या वर्षी बांधलेला अंदाज सर्वांत कच्चा असतो.

या दोन विद्यापीठांपुरते बोलावयाचे, तर ओहायोला घरचीच खाण लाभली आहे. शालेय फुटबॉलची परंपरा त्या राज्यात फार जुनी असून व्यावसायिक संघटनेची स्थापनाही १९२० साली तेथील कँटन गावी झाली. मिशिगनने या खाणीत नेहमीच हात घातला. क्लीव्हलंडचा डेस्मंड हॉवर्ड आणि फ्रीमाँटचा चार्ल्स वुडसन हे दोघेही ओहायोचे. पण १९९१ आणि १९९७ ची हाइझमन ट्रॉफी त्यांनी मिशिगनकडून खेळताना मिळविली. प्रशिक्षक बो शेंबेक्लरही ओहायोचेच. ओहायो स्टेटच्या वुडी हेझ यांच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. १९६७ च्या गुणवान भरतीच्या बळावर ओहायो स्टेटने १९६८ चे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. सलग २२ विजय मिळवून आलेल्या त्याच संघाला १९६९ मध्ये शेंबेक्लर यांच्या मिशिगनने २४-१२ असे हरविले. शेंबेक्लर यांचे ते मिशिगनमधील पहिलेच वर्ष होते, आणि बहुतेक खेळाडू त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकाने निवडलेले होते. मग या विजयाचे श्रेय भरतीचे की शिकवणीचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तोच प्रश्न २०२१ पासून पुन्हा उभा राहिला. त्या काळात ओहायो स्टेटची भरती बहुधा देशातील पहिल्या पाच-सहांत, तर मिशिगनची दहाव्या क्रमांकाच्या मागे असे. तरीही २०२१ ते २०२४ असे चारही सामने मिशिगनने जिंकले, आणि २०२३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपदही मिळविले. पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी मिशिगनचे १३ खेळाडू निवडले. यांतील अनेकजण तीन वा चार वर्षे एकाच संघात राहून तयार झाले होते, ही गोष्ट ताऱ्यांच्या तक्त्यात उमटत नाही. अर्थात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपण्यासाठी नियमबाह्य टेहळणी केल्याबद्दल २०२५ मध्ये मिशिगनवर मोठा दंड बसला. या विजयांचे मोल करताना ते विसरून चालणार नाही. उलटपक्षी, चौथ्या पराभवानंतर काही आठवड्यांतच ओहायो स्टेटने २०२४ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद घेतले, त्यांचे १४ खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले आणि २०२५ चा सामनाही त्यांनी २७-९ असा जिंकला. एका सामन्यावरून चार वर्षांच्या भरतीचा निकाल लावणे धोक्याचे असते, ते यासाठी.

आता तुलना अधिकच अवघड झाली आहे. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची देशव्यापी नोंद २०१८ पासून सुरू झाली. पुढे बदलीवरील निर्बंधही सैल होत गेले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येऊ लागला, तर २०२५ पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातील वाटा त्यांना थेट देऊ शकतात. २०२५ मध्ये ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलविणारा खेळाडू, अलाबामा विद्यापीठातून आलेला होता. मिशिगनचा क्वार्टरबॅक त्याच राज्यातला. शाळेतून निघताना देशात अव्वल गणलेल्या या मुलाने आधी लुइझियानातील विद्यापीठ निवडले होते. पुढे त्याचे मन वळविण्यात आले. केवळ शालेय भरतीचा तक्ता पाहणाऱ्यास यांतला पहिला खेळाडू ओहायोच्या खात्यावर दिसणारच नाही.

विद्यापीठांत खेळणाऱ्यांपैकी व्यावसायिक संघांपर्यंत पोचणारे शंभरात दोनसुद्धा नसतात. उरलेल्यांच्या हाती पदवी आली की नाही, आणि गुडघे-खांदे शाबूत राहिले की नाही, याचा तक्ता समर्थक मांडत नाहीत. मुलाच्या घरी आलेल्या प्रशिक्षकाला पालक मात्र हेच विचारतात.