आजीच्या ब्रशचं इंजिनियरिंग

दात घासायला किती स्टेप्स लागतात? हसू नका. फर्स्ट इयरला सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला फ्लोचार्ट काढायचो, तसा काढून बघा. ब्रश ओळखा, उचला, पेस्टचं टोपण उघडा, अंदाजाने पेस्ट लावा, तोंड उघडा, ब्रश आतून-बाहेरून फिरवा, थुंका, चूळ भरा, ब्रश धुवा. मी आमच्या विंगच्या बेसिनपाशी उभं राहून मोजल्या, तर अठरा भरल्या. आपण हे सगळं अर्धवट झोपेत, खांद्यावर टॉवेल टाकून, कालच्या मॅचच्या गप्पा मारत उरकतो. आता या फ्लोचार्टमधले दोन-चार बॉक्स कुणीतरी खोडरबराने पुसून टाकले, तर? प्रोग्रॅम तिथेच अडकणार. डिमेन्शियात नेमकं हेच होतं.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. 'म्हातारपणी विसरायला होतंच' त्यातला हा प्रकार नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हेच न कळणं वेगळं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा. माझी आजी त्यांच्यातली एक.

आजीला जेवू घालणं जमतं, आंघोळ घालणं जमतं. पण ब्रश पुढे केला की ती ओठ गच्च मिटते, हात झटकते. आईला वाटायचं, हट्ट करते. पण तिच्या जागी बसून बघा. समोरचं माणूस नीट ओळखू येत नाही, हातातली वस्तू काय आहे ते कळत नाही, आणि ते माणूस ती कडक वस्तू आपल्या तोंडात घुसवतंय! कोणीही तोंड मिटेल. हा हट्ट नव्हे, स्वतःचा बचाव आहे.

'नाही घासले दात तर काय बिघडलं?' असं आमचे काका म्हणाले होते. बरंच बिघडतं. दातांवरचा चिकट थर म्हणजे प्लाक. जिवाणूंनी बांधलेली ती वसाहतच असते. नुसत्या चुळीने ती निघत नाही, घासावीच लागते. त्यात म्हातारपणीच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते, म्हणजे तोंडाची आपोआप होणारी धुलाईही बंद. पुढे गिळण्याची क्रिया बिघडते आणि जिवाणूंसकट लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात तो मृत्यूचं एक मोठं कारण आहे. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं एक प्रयोग झाला. १९९९ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या वृद्धांचं तोंड नियमित स्वच्छ केलं जात होतं, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के लोकांना झाला. बाकीच्यांत १९ टक्के लोकांना. आठ टक्क्यांचा फरक, आणि तोही मुख्यतः साध्या ब्रशने.

इथे एक खबरदारी. 'हिरड्यांच्या जिवाणूंमुळे अल्झायमर होतो' अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०१९ साली अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत असा जिवाणू सापडल्याचं एका शोधनिबंधात आलं होतं. पण त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या औषधाची मोठी चाचणी २०२१ साली आपलं मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. तेव्हा 'दात घासा, अल्झायमर टाळा' असं कोणी विकायला आलं तर लगेच पाकीट काढू नका.

मग इंजिनियरने यात करायचं काय? थोडा इतिहास बघा. इलेक्ट्रिक टूथब्रश ही आळशी माणसांची चैन वाटते ना? पण १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी 'ब्रॉक्सोडेंट' बनवला, तो आधी ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. अंतराळात थुंकायचं कुठे, या प्रश्नातून नासाच्या कामासाठी फेस न होणारी, गिळता येणारी पेस्ट तयार झाली. पुढे ती अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या उपयोगी पडली. दाताच्या तिन्ही बाजू एकाच फटक्यात घासणारे तीन तोंडांचे ब्रश आहेत. तोंडातलं पाणी ओढून घेणारे, सक्शनची नळी जोडलेले ब्रशही आयसीयूत वापरतात.

पण तोंडच उघडलं नाही तर हे सगळं बेसिनवरच राहतं. बाबांनी हौसेने आणलेला बॅटरीवरचा ब्रश आजीच्या तोंडात घोंघावला, तो पुढच्याच क्षणी खिडकीखाली! कवटीच्या हाडांतून तो आवाज थेट कानात घुमतो, हे आपल्याला कळतं. तिला नुसती भीती कळते.

या भीतीवर अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका रीटा जब्लॉन्स्की यांनी काम केलंय. त्यांचं सूत्र सोपं आहे: आधी धोका वाटणं कमी करा, मग ब्रश. समोरून, नजरेच्या पातळीवर या. मागून डोकं धरू नका. त्यांच्या हातातही तसाच एक ब्रश द्या. सुरुवात तुम्ही करा, पुढचं त्यांना करू द्या. नाहीच जमलं तर हात त्यांचा आणि त्यावर हात तुमचा. हे सगळं फुकट आहे.

हीच दृष्टी एका विद्यार्थ्याने प्रॉडक्टमध्ये आणली. लंडनच्या इंपिरियल कॉलेज आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या लुईस हॉर्न्बीच्या आजीला डिमेन्शिया होता. पाणी प्यायचं लक्षात न राहिल्याने तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. पठ्ठ्या काही दिवस चक्क वृद्धांच्या केअर होममध्ये जाऊन राहिला. त्याच्या लक्षात आलं की कप नको म्हणणारे लोक मिठाईचा डबा पुढे केला की खूश होऊन हात घालतात. त्याने ९० टक्क्यांहून जास्त पाणी असलेल्या रंगीत जेलीच्या गोळ्या बनवल्या, चॉकलेटसारख्या डब्यात मांडून. नाव 'जेली ड्रॉप्स'. २०१८ साली त्याला त्यासाठी पारितोषिकं मिळाली आणि पुढे त्याची कंपनीही झाली. यात मोटर नाही, सर्किट नाही. आहे ते निरीक्षण.

हे वाचून मी दिवाळीच्या सुट्टीत आजीला फक्त बघत बसलो. एक दिवस आईने तिच्या तळहातावर दंतमंजन ठेवलं, तर तिची तर्जनी आपसूक दातांवर फिरायला लागली! ब्रश तिच्या आयुष्यात उशिरा आला. बोटाची सवय लहानपणची. तिच्या फ्लोचार्टमधला तो बॉक्स अजून शाबूत आहे. आमच्या बी.ई. प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला: तिच्या बोटात बसेल असा, मऊ केसांचा, सिलिकॉनचा ब्रश. घासेल तीच, घरच्यांनी फक्त हाताला आधार द्यायचा. लहान बाळांसाठी असे ब्रश मिळतात, पण ते आईच्या बोटासाठी असतात. दुसऱ्याने बोट घालायचं तर चावा बसण्याची भीती. आणि आजीचं बोट सांधेदुखीने वाकडं, जाड. शिवाय ब्रश निसटून घशात जाता कामा नये, म्हणून मनगटाला पट्टा.

आतापर्यंत चार मोल्ड फुकट गेलेत. पाचवा बरा दिसतोय. बाहेरच्या कोणावर वापरण्याआधी दातांच्या डॉक्टरांचा सल्ला आणि एथिक्स कमिटीची परवानगी हवी, ती धावपळ चालू आहे. पवईच्या आयआयटीत २०१४ साली सुरू झालेल्या 'बेटिक'सारख्या केंद्रामुळे वैद्यकीय उपकरणांचं काम महाराष्ट्रात परकं राहिलेलं नाही. कंपनी वगैरे पुढचं पुढे. आजी आठवड्यातून चार दिवस जरी शांतपणे दात घासू लागली, तरी माझ्या दृष्टीने प्रोजेक्ट पास.

आणि हो, ब्रशवर नेमका किती जोर पडतो ते मोजायला बारीक फोर्स सेन्सर बसवायचाय, तिथे आमचं घोडं अडलंय. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, संध्याकाळी पाचनंतर वर्कशॉपमध्ये या. चहा आमच्याकडून.