ओले, चिंब आणि निथळते : इंग्रजीतील भिजण्याचे शब्द

इंग्रजीत भिजण्याला किती शब्द आहेत, असे कोणी विचारले तर नुसती यादी सांगून भागत नाही. वेट, डॅम्प, सोक्ड, ड्रेंच्ड, सॉपिंग, सॉडन, सॅच्युरेटेड, वॉटरलॉग्ड अशी ती यादी सहज लांबवता येईल. पण शब्दकोश उघडावा, तर यांतील बहुतेकांपुढे 'ओला', 'भिजलेला', 'चिंब' हेच दोन-तीन मराठी शब्द आलटून पालटून दिलेले आढळतात. त्यामुळे हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत आणि कोणताही उचलून कोठेही ठेवला तरी चालतो, असा समज होतो. हा समज खरा नाही. आणि तो कधी कधी महागात पडतो, हे आज सांगावयाचे आहे.

आमचे शालेय शिक्षण बेताचेच. इंग्रजी आम्ही शिकलो ते फाटकावर लागलेल्या नोटिसा, करारनामे आणि कायद्याची पुस्तके वाचून, शेजारी शब्दकोश ठेवून. अशा रीतीने शिकणाऱ्याला एक सवय जडते. दुकानदार जसे नाणे वाजवून घेतो, तसा तो प्रत्येक शब्द वाजवून घेतो. हा शब्द कोठून आला, कोणाबरोबर बसतो आणि कोणाबरोबर बसत नाही, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

प्रथम 'ड्रेंच' आणि 'सोक' ही जोडी घेऊ. 'ड्रेंच' हा 'ड्रिंक' या क्रियापदाचा सख्खा भाऊ आहे. मराठीत पिणे आणि पाजणे यांचे जे नाते, तेच जुन्या इंग्रजीत या दोहोंचे होते. ड्रिंक म्हणजे पिणे, ड्रेंच म्हणजे पाजणे. आजही इंग्लंडातील शेतकरी जनावराच्या तोंडात औषध ओततो, त्याला ड्रेंच असेच म्हणतात. म्हणजे या शब्दात पाणी बाहेरून येते, एकदम येते आणि भिजणाऱ्याची इच्छा कोणी विचारत नाही. वळवाची सर अवचित अंगावर कोसळली, तर माणूस 'ड्रेंच्ड' होतो.

'सोक'चे नाते 'सक' म्हणजे शोषणे या शब्दाशी आहे. येथे भिजणारी वस्तू स्वतःच पाणी ओढून घेते, आणि त्याला वेळ लागतो. रात्री हरभरे भिजत घातले तर ते 'सोक' केले असे म्हणतात. हरभरे 'ड्रेंच' केले असे कोणी म्हणणार नाही. पावसात सापडलेल्या माणसाला दोन्ही शब्द लागू पडतात, पण 'सोक्ड टु द स्किन' म्हटले की कपड्यांतून झिरपत पाणी कातडीपर्यंत पोहोचले, हा प्रवास डोळ्यांपुढे येतो. हाच शब्द अमेरिकेच्या राजकारणातही शिरला. १९३५ साली रूझवेल्ट यांच्या सरकारने धनिकांवर जादा कर बसवला, तेव्हा त्या कायद्याला लोकांनी 'सोक द रिच' असे नाव दिले. श्रीमंतांना चांगले पिळून काढा, असा त्याचा रोख.

'सॉडन'चा इतिहास तर चकित करणारा आहे. 'सीद' म्हणजे उकळणे या क्रियापदाचे ते जुने रूप. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हा शब्द 'उकडलेले' या अर्थानेच येतो. फार शिजून लगदा झालेले, जड झालेले, असा अर्थ पुढे सरकत गेला आणि शेवटी चूल विझून पाणी तेवढे उरले. म्हणून आज हा शब्द पाणी पिऊन जड झालेल्या वस्तूला लागतो : पावसाने बसलेले मैदान, भिजून ओझे झालेला कोट, पाणी चढलेले बूट. तजेला देणाऱ्या ओलाव्याला तो सहसा लागत नाही.

'सॉप' म्हणजे रश्शात किंवा दारूत बुडवलेला पावाचा तुकडा. 'सूप' याच गोतावळ्यातले. त्यावरून 'सॉपिंग वेट'. पण या तुकड्याला दुसराही अर्थ आहे. व्हर्जिल या रोमन कवीच्या 'ईनिड' महाकाव्यात पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या कुत्र्याला मधाची पोळी टाकून गुंगवल्याची कथा आहे. त्यावरून भुंकणाऱ्याला गप्प करण्यासाठी फेकलेल्या तुकड्यालाही 'सॉप' म्हणू लागले. निवडणुकीच्या तोंडावर सवलती जाहीर झाल्या की आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रे त्यांना 'सॉप्स' म्हणतात. आपल्या मागण्यांपैकी एखादी मान्य झाल्यावर हा शब्द छापून आला, तर आपल्याला कोणाच्या जागी बसवले आहे, हे कामगाराने ओळखावे.

'सॅच्युरेटेड' लॅटिनमधून आला. मूळ अर्थ पोट भरलेला. समाधान सांगणारा 'सॅटिस्फाय' हा त्याचाच नातेवाईक. यापुढे पाण्याचा एक थेंबही मावणार नाही, ही त्यातील खूण. 'वॉटरलॉग्ड' आधी जहाजाबद्दल वापरीत. पाणी भरून जड झालेले आणि सुकाणूला दाद न देणारे जहाज. आता तो शब्द जमिनीला व रस्त्याला लागतो, आणि दर पावसाळ्यात मुंबईकरांच्या वाचनात येतो.

या शब्दांच्या जोड्याही ठरलेल्या आहेत. सोकिंग वेट, सॉपिंग वेट, ड्रिपिंग वेट, रिंगिंग वेट असे म्हणतात. पण 'ड्रेंच्ड वेट' असे म्हणत नाहीत. आपण तरी ओलाचिंब आणि कोरडाठणठणीत म्हणतो, ओलाठणठणीत म्हणतो काय? माणूस बदलला की अर्थही बदलतो. सॉडन, सोक्ड हे शब्द दारूड्यालाही लागतात. आपल्याकडे 'ओली पार्टी' म्हणतात त्यातलाच प्रकार. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, तेव्हा बंदीच्या विरोधकांना 'वेट' म्हणत. पुढे १९७९ साली मार्गारेट थॅचर इंग्लंडच्या पंतप्रधान झाल्या. त्यांच्या कठोर धोरणाला कुरकुरणाऱ्या त्यांच्याच पक्षातील मवाळांनाही 'वेट' हीच उपाधी मिळाली.

राहिला 'डॅम्प'. हा सर्वांत सौम्य. आपला 'दमट' किंवा 'सादळलेला'. पण मुळात डॅम्प म्हणजे पाणी नव्हे, वाफ किंवा वायू. कोळशाच्या खाणीतील स्फोटक वायूला अजूनही 'फायरडॅम्प' म्हणतात. त्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली सुरक्षा-दिवा तयार केला.

हे सारे शब्द कामगाराच्या अंगावरून गेलेले आहेत. उत्तर आयर्लंडातील बेलफास्टच्या गिरण्यांत जवसाचे सूत गरम पाण्यातून काढून कातीत. चात्यांवरून उडणाऱ्या पाण्याने बायकामुलींचे कपडे भिजत. पायांखाली पाणी, आणि त्या पाण्यात त्या अनवाणी उभ्या राहत. १८४४ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने अशा ओल्या कताईत मुलांना व तरुणांना भिजण्यापासून संरक्षण देण्याची अट घातली. लॅंकेशायरच्या विणकाम-खात्यांत धागा तुटू नये म्हणून वाफ सोडीत; त्या दमटपणावर १८८९ च्या कायद्याने मर्यादा आणली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही कृत्रिम दमटपणासाठी १५ वे कलम स्वतंत्र होते. म्हणजे ओलाव्याला नाव मिळाले, मोजमाप मिळाले, तेव्हा कोठे त्यावर कायदा झाला.

आम्ही पाहिलेला एक प्रकार सांगतो. एका कापड-प्रक्रिया कारखान्यात धुलाई खात्यातील कामगारांची तक्रार चौकशीस आली होती. कामगार म्हणाला, "साहेब, पाळी संपेस्तोवर आम्ही चिंब असतो." दुभाष्याने लिहून घेतले : कपडे 'डॅम्प' होतात. व्यवस्थापनाचे उत्तर तयारच होते : दमटपणा तर पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरी असतो. आम्ही कामगाराला विचारले, "चिंब म्हणजे किती, ते सांगा दादा." तो म्हणाला, "सदरा पिळला की पाणी गळतं." या वाक्याला इंग्रजीत शब्द तयार होता : 'रिंगिंग वेट', पिळून पाणी निघेल इतके ओले. तो शब्द नोंदीत घालून घेतला, आणि मग चर्चा दमट हवेवरून रबरी बूट, एप्रन आणि कोरडे कपडे बदलण्याची खोली यांवर आली.

दुभाष्याच्या मनात कपट होते असे आम्हांला वाटत नाही. त्याला ओल्याचा एकच शब्द आठवला आणि तो सर्वांत सौम्य निघाला. परंतु कागदावर जो शब्द उतरतो, तोच पुढे साक्ष देतो. भिजलेला माणूस तेथे नसतो.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आमचे सांगणे एवढेच, की शब्दांची यादी पाठ करून थांबू नका. पाणी कोठून आले, किती आत गेले आणि कोणाच्या अंगावर पडले, हे तीन प्रश्न विचारा. योग्य शब्द आपोआप हाती येईल. आणि ज्याचे अंग भिजले आहे, त्याला बोलू द्या. त्याच्या मराठीत तो शब्द बहुधा आधीच असतो.