खड्ड्यानें वांचविलेला रणगाडा

महाभारतांत कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें आणि तेथेंच त्याचा अंत ओढवला. रणांगणावर वाहन रुतणें म्हणजे सर्वनाश, ही समजूत तेव्हांपासून चालत आलेली आहे, व ती बहुधा खरीहि ठरते. परंतु रुतला म्हणूनच टिकला, आणि ज्याचे न रुतलेले सोबती मात्र नामशेष झाले, असाहि एक रथ इतिहासांत आढळतो. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं, क्वीन्सलंडच्या पदार्थसंग्रहालयांत, तो उभा आहे. त्याचें नांव ‘मेफिस्टो’. पहिल्या महायुद्धांत जर्मनीनें जे रणगाडे स्वतः बांधून लढाईंत उतरविले, त्यांपैकीं सबंध जगांत शिल्लक राहिलेला हा एकमेव रणगाडा होय.

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोमच्या रणक्षेत्रावर, फ्लेर गांवाजवळ, इंग्रजांनीं जगांत प्रथमच रणगाडे लढाईंत आणले. खंदकांस व कांटेरी तारांस न जुमानतां चालून येणारीं हीं लोखंडी धुडें पाहून, आपणांसहि असें साधन हवें, ही जाणीव जर्मन सेनाधिकाऱ्यांस झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस योसेफ फोल्मर या इंजिनियराकडे तें काम सोंपविण्यांत आलें. युद्धखात्याच्या ज्या सातव्या, म्हणजे वाहतुकीच्या, शाखेच्या देखरेखीखालीं हें काम चाललें, तिच्याच नांवावरून या गाड्यास ‘ए-७-व्ही’ हें रुक्ष नांव मिळालें. होल्ट ट्रॅक्टरच्या साखळीच्या पट्ट्यांचा नमुना पुढें ठेवून फोल्मरनें सांगाडा तयार केला व त्यावर चिलखती पत्र्यांची पेटी चढविली. मागणी १०० सांगाड्यांची होती. परंतु पोलादाची चणचण, कारखान्यांवरील इतर कामांचा बोजा आणि या नव्या शस्त्रावरील वरिष्ठांची डळमळती श्रद्धा, या सर्वांमुळें लढाऊ रणगाडे तयार झाले अवघे २०. दोस्त राष्ट्रांच्या कारखान्यांतून मात्र त्याच युद्धांत रणगाडे हजारोंनीं बाहेर पडले.

गाडा मोठा अजस्र होता. वजन सुमारें ३० टन. लांबी २४ फूट, रुंदी १० फूट व उंची जवळजवळ ११ फूट. तोंडाशीं ५७ मिलिमीटरची तोफ, आणि हीहि बेल्जियमकडून हस्तगत केलेल्या सांठ्यांतली. दोन्ही बाजूंस व मागें मिळून सहा मशीनगन. मध्यभागीं प्रत्येकीं १०० अश्वशक्तीचीं दोन डेमलर इंजिनें. आणि या सर्व गर्दींत दाटीवाटीनें बसलेले १८ किंवा त्याहूनहि अधिक शिपाई. इंजिनांची धग, पेट्रोलचा दर्प आणि कानठळ्या बसविणारा आवाज यांत त्यांनीं लढावयाचें. चांगल्या रस्त्यावर हा गाडा ताशीं ९ मैल धांवे. परंतु त्याचें पोट जमिनीपासून फारसें उंच नव्हतें व नाक पट्ट्यांच्या पुढें आलेलें होतें. चालकाची जागा इंजिनांच्या वर, उंचावर, असल्यामुळें अगदीं पुढ्यांतली जमीन त्यास दिसतच नसे. ज्या भूमीची तोफांनीं चाळण झाली आहे, तेथें असा गाडा केव्हां ना केव्हां फसावयाचाच. फोल्मरच्या रचनेंतील हा दोष पुढें निर्णायक ठरला.

मेफिस्टो म्हणजे गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकांतील सैतान. या ५०६ क्रमांकाच्या गाड्यावर, इंग्रज रणगाडा काखोटीस मारून पळणारा एक तांबडा सैतान मोठ्या विनोदबुद्धीनें रंगविलेला होता. २४ एप्रिल १९१८ रोजीं आमियां शहराच्या वाटेवरील व्हिलेर-ब्रेतोन्नो या गांवावर जर्मनांनीं हल्ला केला, त्यांत १३ ए-७-व्ही गाडे पुढें आले. रणगाड्यानें रणगाड्याशीं झुंजावें, असा प्रसंग इतिहासांत प्रथम याच दिवशीं घडला. ‘निक्से’ नांवाच्या जर्मन गाड्याची गांठ फ्रँक मिचेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या गाड्याशीं पडली व निक्सेस माघार घ्यावी लागली. मेफिस्टोच्या नशिबीं मात्र हाहि मान नव्हता. गांवाजवळील मॉन्युमेंट वनाच्या कडेस तोफगोळ्यानें पडलेल्या एका खड्ड्यांत तो कलंडला व आंतील शिपायांना तो तेथेंच सोडून जावें लागलें. त्याच रात्रीं ऑस्ट्रेलियन फौजांनीं गांव परत घेतलें. पण मेफिस्टो पडला होता तो भाग पुढें जवळजवळ तीन महिने जर्मनांकडेच राहिला.

जुलैच्या मध्यास ऑस्ट्रेलियाच्या २६ व्या पलटणीनें आपली आघाडी त्या खड्ड्याच्या पुढें नेली. या पलटणींत बहुतेक शिपाई क्वीन्सलंडचे. शत्रूचा एवढा मोठा गाडा अंगणांत आलेला पाहून तो तसाच सोडणें त्यांच्या जिवावर आलें. २२ जुलैच्या रात्रीं इंग्रजी ओढगाड्यांच्या साहाय्यानें, विषारी वायूच्या माऱ्यांत तोंडावर मुखवटे चढवून, त्यांनीं तो खड्ड्यांतून ओढून काढला. लष्करी दृष्टीनें त्या स्फोटानें मोडलेल्या सांगाड्याचा उपयोग बेताचाच होता. तरीहि माणसांनीं त्यासाठीं जीव धोक्यांत घातला. कारण घरीं नेऊन दाखविण्याजोगी खूण त्यांना हवी होती. पुढें कोणीं त्याच्या अंगावर जर्मन गाड्यावर पंजा ठेवणारा ब्रिटिश सिंह रंगविला. सैतान व सिंह असे दोघे एकाच पोलादावर आले!

१९१९ च्या जूनमध्यें ‘आर्माग’ जहाजानें मेफिस्टो ब्रिस्बेनला पोंचला. २२ ऑगस्ट रोजीं नगरपालिकेचे वाफेवर चालणारे दोन रोड-रोलर जोडून त्याची मिरवणूक निघाली. धक्क्यापासून संग्रहालय दोन मैलहि दूर नव्हतें. पण तेवढी वाट चालावयास ११ तास लागले.

इकडे त्याच्या भावंडांचें काय झालें? ‘एल्फ्रीड’ याच लढाईंत उलटला. तो फ्रेंचांनीं नेऊन पॅरिसमध्यें कॉन्कॉर्ड चौकांत मांडला, व कुतूहल ओसरल्यावर तोहि मोडीत गेला. जर्मनीच्या हातीं उरलेल्यांची गतिहि तीच झाली; व्हर्सायच्या तहानें तर जर्मनीस रणगाडा बाळगण्याचीच मनाई केली. जे शाबूत परतले, ते भंगारांत वितळले. जो खड्ड्यांत पडला, तो शत्रूच्या अभिमानाच्या आश्रयानें वांचला.

मेफिस्टोवरील संकटें मात्र संपलीं नव्हतीं. कित्येक वर्षें तो जुन्या संग्रहालयाच्या आवारांत उघड्या हवेंत उभा होता. १९८६ सालीं तो नव्या वास्तूंत आला, तों २०११ च्या जानेवारींत ब्रिस्बेन नदीस महापूर आला व पाणी त्याच्यापर्यंत पोंचलें. तोफांनीं ज्याला संपविलें नाहीं, त्याला गंज संपवील कीं काय, अशी भीति निर्माण झाली. तज्ज्ञांनीं चिकाटीनें त्याची निगा राखली. कांहीं काळ तो कॅनबेरा येथील युद्धस्मारकांत पाहुणा राहिला आणि १९१८ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१८ सालीं, क्वीन्सलंडच्या संग्रहालयांतील नव्या दालनांत परतला.

या हकीकतींतील सर्वांत बोलका प्रसंग अगदीं साधा आहे. १९८० नंतरच्या दशकांत जर्मनांना मुन्स्टर येथील आपल्या संग्रहालयासाठीं ‘वोटान’ नांवाच्या ए-७-व्ही गाड्याची प्रतिकृति करावयाची होती. मूळ गाडा स्वदेशीं एकहि उरलेला नव्हता. तेव्हां ज्यांच्या वडीलधाऱ्यांनीं तो बांधला, त्यांना त्याचीं मापें घेण्यासाठीं ज्यांच्या वडीलधाऱ्यांनीं तो जिंकला त्यांच्या दारीं जावें लागलें. आणि तीं मापें त्यांना मिळालीं. जिंकून आणलेली लूट तोंपर्यंत उभयतांची ठेव झाली होती. एकाच खड्ड्याच्या कडेस लढलेल्या दोन राष्ट्रांत सलोख्याचा एवढा धागा जोडला गेला, हेंहि त्या रुतलेल्या गाड्याचें थोडें काम नव्हे.