वेळेचे मोल

घरोघरी घड्याळे नव्हती, त्या काळी आपले पूर्वज घटिकापात्राने वेळ मोजीत. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात एक लहान वाटी तरंगत ठेवीत. वाटीच्या तळाशी बारीक छिद्र असे. त्यातून पाणी हळूहळू आत शिरे आणि वाटी भरली, की ती बुडून तळाशी जाई. एवढ्या अवधीला एक घटका म्हणत. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका होत. एका घटकेची ६० पळे; तेव्हा एक पळ २४ सेकंदांचे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीही घटिकापात्र ठेवीत. त्यावर लक्ष ठेवणाऱ्याला डोळा लागू देऊन चालत नसे. वाटी केव्हा बुडाली हे कळले नाही, तर सारी मोजणीच चुके.

पुढे घड्याळे आली. तरी निरनिराळ्या शहरांच्या वेळा निरनिराळ्या असत. कारण सूर्य पूर्वेकडील गावी आधी माथ्यावर येतो आणि पश्चिमेकडील गावी नंतर. आगगाड्यांनी दूरदूरची गावे जोडली, तेव्हा सर्वांची वेळ एक असणे आवश्यक झाले. १ जानेवारी १९०६ पासून भारतासाठी प्रमाणवेळ ठरविण्यात आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. पुष्कळ मुंबईकरांना हा बदल रुचला नाही. शहरात काही ठिकाणी जुनी मुंबई वेळ १९५५ सालापर्यंत चालू राहिली. घड्याळाचे काटे असे पुढे सरकले; परंतु त्यामुळे कोणाचेही आयुष्य ३९ मिनिटांनी वाढले नाही, की घटले नाही. काटे माणसाच्या हाती असतात, काळ नसतो.

मोजता येते ती वेळेची एक बाजू झाली. तिची दुसरी बाजू आपल्या मराठी भाषेने फार सुंदर दाखविली आहे. 'बोलण्यात बराच वेळ गेला' असे आपण म्हणतो आणि 'आता वेळ गेली' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यातील 'वेळ' पुल्लिंगी आहे. ती घटकापळांची मोजणी होय. दुसऱ्या वाक्यातील 'वेळ' स्त्रीलिंगी आहे; ती एखादे काम करण्याची योग्य घडी होय. एका अक्षराच्या फरकात केवढा अर्थ साठला आहे!

हा अर्थ शेतकरी चांगला जाणतो. मृगाचा पाऊस पडताच तो पेरणी करीत नाही. कारण चिखलात तिफण चालत नाही. वरचे पाणी ओसरते, माती मोकळी होते आणि आत ओल टिकून असते, त्या स्थितीस वाफसा म्हणतात. वाफसा आला, की शेतकरी इतर सारी कामे बाजूस सारून पेरणीला लागतो. ऊन पडून ती ओल उडाली, तर घरात बियाणे आणि गोठ्यात बैल असूनही त्याला पुन्हा पावसाची वाट पाहावी लागते. बियाणे कोठारात साठविता येते; वाफसा साठविता येत नाही.

आपल्या वेळेशी दुसऱ्यांची वेळही बांधलेली असते, हे मात्र मला उशिरा उमगले. मी नुकताच शिक्षक झालो होतो. एके दिवशी वर्गावर दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. शाळा सुटल्यावर वृद्ध मुख्याध्यापकांनी मला बोलावले. ते रागावले नाहीत. त्यांनी कागदावर एक गुणाकार मांडला : ४० × १० = ४००. मग शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आपली दहा मिनिटे गेली, असे आपणांस वाटत असेल. पण वर्गात चाळीस मुले वाट पाहत बसली होती." चारशे मिनिटे म्हणजे साडेसहा तासांहून अधिक! शाळेचा एक पूर्ण दिवस मी हरवून बसलो होतो, आणि तो माझा नव्हता.

मुलांनो, खेळण्यात, वाचण्यात, मित्रांशी गप्पा मारण्यात वेळ जातो. तो जाणारच, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु शिकण्याची, कोणाच्या उपयोगी पडण्याची, दिलेला शब्द पाळण्याची वेळ समोर उभी असेल, तेव्हा ती ओळखा. नाहीतर 'वेळ गेला' म्हणता म्हणता 'वेळ गेली' असे म्हणण्याचा प्रसंग येतो.