संथ पेशीसोबतचा दिवस

सकाळी ८. चहाआधी क्लस्टरवर लॉगिन. रात्री लावलेला रन संपलाय: एक न्यूरॉन, एक ॲस्ट्रोसाइट, मॉडेलमधली १०० सेकंदं. ॲस्ट्रोसाइट ही मेंदूतली तारकेसारखी दिसणारी आधारपेशी. न्यूरॉनला पोषण पुरवायचं, आसपासचं जादा पोटॅशियम आणि ग्लुटामेट शोषून घ्यायचं, एवढंच तिचं काम असं कित्येक दशकं मानलं जात होतं. १९९० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइट्सवर ग्लुटामेट, म्हणजे न्यूरॉनचं निरोप देणारं रसायन, सोडलं, तेव्हा त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठताना दिसल्या. म्हणजे ती न्यूरॉनचं ऐकते. मग त्याला उत्तरही देते का?

८.३०. आलेख उघडला. सुरुवातीला न्यूरॉनला बाहेरून प्रवाह दिला होता, तेवढ्यात त्याचे स्पाइक, म्हणजे विजेचे क्षणिक झटके, ओळीने उमटलेत. प्रवाह थांबला, न्यूरॉन गप्प. मग सावकाश ॲस्ट्रोसाइटमधलं कॅल्शियम चढतं, ती ग्लुटामेट सोडते, आणि कुणी काही न करता न्यूरॉन पुन्हा स्पाइक देऊ लागतो. हे दृश्य मला अजूनही थरारून टाकतं. २००३ मध्ये सुहिता नाडकर्णी आणि पीटर युंग यांनी अशाच जोडीचं मॉडेल मांडून विचारलं होतं, की अपस्माराचं मूळ इथे असेल का? नाडकर्णी पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आल्या. पुण्यात बसून हेच काम करताना तो शोधनिबंध मला फार जवळचा वाटतो.

१०. आनंदाला आवर घालायची वेळ. स्पाइक एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, कॅल्शियमचं एक आंदोलन मात्र दहा-वीस सेकंदं चालतं. वेगवान पेशीसाठी आकडेमोडीतली वेळेची पायरी ०.०२५ मिलिसेकंदाची ठेवावी लागते, म्हणजे १०० सेकंदांना ४० लाख पायऱ्या.

शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने विचारलं, "ताई, कॅल्शियमपुरती पायरी मोठी घेऊ या का? रन लवकर संपेल."

"घे, पण आधी सगळीकडे पायरी निम्मी करून बघ. आलेख तसाच आला तर तो पेशींचा, बदलला तर आपल्या आकडेमोडीचा."

त्याने लगेच जॉब लावला.

११.३०. फळ्यावर ॲस्ट्रोसाइटच्या कॅल्शियमसाठी वापरलेलं ली आणि रिंझेल यांचं १९९४ चं मॉडेल. पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर येण्याचं दार आयपी-थ्री या रेणूमुळे उघडतं. थोडं कॅल्शियम ते दार आणखी उघडतं, जास्त झालं की तेच कॅल्शियम दार हळूहळू बंद करतं. पंप कॅल्शियम साठ्यात परत ओढतो. आयपी-थ्री कमी असेल तर शांतता, मध्यम असेल तर आंदोलनं, फार झालं तर कॅल्शियम वरच अडकून राहतं. दोनच चलांत एवढं सगळं मावतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१.३०. डबा. पायरी निम्मी केलेला रन आला, आलेख तोच.

२.३०. प्रयोग करणाऱ्या सहकारी आल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न: "न्यूरॉनपासून ॲस्ट्रोसाइटकडे जाणाऱ्या जोडणीचा आकडा कुठून घेतलास?" दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. ही जोडणी होते ती ग्लुटामेट ओळखून आयपी-थ्री तयार करवणाऱ्या ग्राहकातून. तो उंदराच्या पिल्लांच्या ॲस्ट्रोसाइट्समध्ये भरपूर असतो. २०१३ च्या अभ्यासात मात्र वयाच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तो जवळजवळ सापडलाच नाही. त्याआधी, २०१० मध्ये, ॲस्ट्रोसाइटमधली कॅल्शियमची ही चढउतार बंद पाडलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात सायनॅप्सचं, म्हणजे न्यूरॉनमधल्या सांध्यांचं, काम सुरळीत चाललं होतं. पिल्लाचा आकडा प्रौढ मेंदूच्या मॉडेलमध्ये घातला, तर हवं ते दिसणारच. पण अपस्माराच्या ऊतींमध्ये हे ग्राहक पुन्हा वाढलेले दिसले आहेत, आणि २००३ चं मॉडेल त्यावरच उभं आहे.

त्या चार वाजेपर्यंत बसल्या. एक आकडा सिद्ध मानून पुढे जाणं मला आता पटेना.

५. कोडमध्ये जोडणीचा एकच आकडा काढून तिथे पूर्ण पट्टा घातला, शून्यापासून वर. शून्यावर न्यूरॉन प्रवाह थांबताच गप्प व्हायला हवा. तिथून वर जाताना तो नेमका कुठे स्वतःहून सुरू होतो, तो उंबरठा हवाय. तो निरोगी प्रौढ पेशीतल्या आकड्याच्या बराच वर निघाला तर अपस्माराची कल्पना टिकते, खालीच निघाला तर मॉडेलमध्ये काहीतरी निसटलंय. पोटॅशियम शोषण्याचं समीकरणही जोडलं, कारण ग्लुटामेट न सोडताही ॲस्ट्रोसाइट न्यूरॉनला त्या वाटेने शांत ठेवते.

७.१५. जॉब रांगेत लागले. शून्याचा रन सगळ्यांत वर ठेवला.