रायफलच्या स्कोपवर ‘एमओए’ की ‘मिल’? कोनाच्या मापाचा एक धडा



आमच्या शाळेतून चौथी पास होऊन गेलेली एक मुलगी आता नववीत आहे. एनसीसीत फायरिंग करून आली आणि तिला नेमबाजीची गोडी लागली. परवा वडिलांसोबत घरी आली. मोबाईलवर दोन स्कोप दाखवून म्हणाली, “मॅडम, एकावर एमओए लिहिलंय, दुसऱ्यावर मिल. कोणता घेऊ?” वडील म्हणाले, “मॅडम, हळदीचे पैसे आलेत. पण एकदाच घेऊन देईन, परत परत नाही.”

प्रश्न रायफलचा असला तरी उत्तर आपल्या भूमितीच्या पुस्तकात आहे. म्हणून हा लेख.

दोन्ही मापे कोनाचीच

मैदानावर एक खुंटी ठोका. तिला दोन दोऱ्या बांधा आणि थोडा कोन ठेवून लांब न्या. खुंटीजवळ दोऱ्यांमध्ये बोटभर अंतर असेल, तर लांब गेल्यावर हातभर होईल. कोन मात्र तोच राहतो. रायफलचंही तसंच आहे. नळी जराशी कलली तर 10 मीटरवर जेवढी चूक दिसते, तिच्या पाचपट चूक 50 मीटरवर दिसते. म्हणून स्कोपवर सेंटिमीटर लिहून चालत नाही, कोनच लिहावा लागतो.

एमओए म्हणजे काय?

1 अंशाचे 60 समान भाग केले की एक भाग म्हणजे 1 मिनिट. हे घड्याळातलं नव्हे, कोनाचं मिनिट. यालाच ‘मिनिट ऑफ अँगल’ म्हणजे एमओए म्हणतात. 100 मीटरवर 1 एमओए म्हणजे सुमारे 2.9 सेंमी. 100 यार्डांवर हेच माप जवळपास 1 इंच भरतं. त्यामुळे यार्ड-इंच वापरणाऱ्यांना ते सोपं जातं.

मिल म्हणजे काय?

मिल म्हणजे मिलिरेडियन. सोप्या भाषेत, अंतराचा हजारावा भाग.

- 1000 मीटरवर 1 मिल = 1 मीटर
- 100 मीटरवर 1 मिल = 10 सेंमी
- 50 मीटरवर 1 मिल = 5 सेंमी
- 10 मीटरवर 1 मिल = 1 सेंमी

बघा, दशांश चिन्ह सरकवता आलं की झालं!

एक उदाहरण सोडवू

स्कोपची चकती फिरवली की ‘टिक्’ असा आवाज येतो. त्याला क्लिक म्हणतात. एमओए स्कोपचा एक क्लिक बहुधा पाव एमओए असतो, तर मिल स्कोपचा 0.1 मिल.

समजा, 50 मीटरवर गोळी मध्यापासून 3 सेंमी म्हणजे 30 मिमी खाली लागली.

मिल स्कोप: 50 मीटरवर एक क्लिक = 5 मिमी. 30 ÷ 5 = 6 क्लिक वर.

एमओए स्कोप: 50 मीटरवर एक क्लिक = सुमारे 3.6 मिमी. 30 ÷ 3.6 = सुमारे 8 क्लिक वर.

उत्तर दोन्हीकडे मिळतं. एमओएचा क्लिक थोडा बारीक असतो, मिलचा हिशोब थोडा सोपा असतो. नेम काही मापामुळे सुधारत नाही, तो सरावानेच सुधारतो.

खरी फसगत इथे होते

सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि आपण पारावर एकर-गुंठ्यांत बोलतो. जमीन तीच, पण हिशोबाला बसलं की गोंधळ! काही स्कोपमध्ये असंच असतं. आत दिसणाऱ्या रेघांची जाळी, म्हणजे रेटिकल, मिलमध्ये असते आणि बाहेरची चकती एमओएमध्ये. आत 1 मिलची चूक दिसली तर बाहेर 3.44 एमओए, म्हणजे सुमारे 14 क्लिक फिरवावे लागतात. नवशिक्याचं सगळं लक्ष मग त्या आकडेमोडीतच जातं. म्हणून पहिला नियम हा: रेटिकल आणि चकती एकाच मापाची हवी.

दुसरा नियम असा की, शिकवणारे ज्या मापात बोलतात तेच माप घ्यावं. “दोन क्लिक डावीकडे” म्हटल्यावर तुमचे आणि त्यांचे क्लिक सारखेच हवेत. तसं काही बंधन नसेल तर आपल्या मुलांना मिल सोपं. आपण शिकतो मीटर-सेंटिमीटर आणि नेमबाजीचं लक्ष्यही मिलिमीटरमध्येच मोजतात.

पण आधी एक विचारा

स्कोप कशासाठी हवाय? स्वप्निल कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. त्यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक इथे 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. या प्रकारांत, तसंच 10 मीटर एअर रायफलमध्येही, मोठं करून दाखवणारा स्कोप चालतच नाही! तिथे बारीक छिद्रातून बघायची पीप साइट असते. 10 मीटरच्या लक्ष्यावर 10 गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा असतो. म्हणजे मिल स्कोपच्या एका क्लिकच्या निम्मा! पीप साइटलाही चकत्या आणि क्लिक असतातच. त्यामुळे आज शिकलेलं गणित वाया जात नाही.

हे ऐकून मुलगी वडिलांकडे बघत म्हणाली, “बाबा, मला स्पर्धेतच खेळायचंय.” मग स्कोप राहिला. ते पैसे रेंजवरच्या शिकवणीसाठी ठेवायचं ठरलं. निघताना मी एवढंच सांगितलं, “सराव रेंजवरच करायचा, प्रशिक्षकांसमोर. घराच्या गच्चीवर किंवा पाखरांवर कधीच नाही.”

सराव प्रश्न

1. 25 मीटरवर 0.1 मिल म्हणजे किती मिमी?
2. 100 मीटरवर गोळी 6 सेंमी उजवीकडे लागली. मिल स्कोपचे किती क्लिक, कोणत्या दिशेला?

उत्तरं वहीत लिहा आणि खुंटी-दोरीचा प्रयोग मैदानावर नक्की करून बघा.