ठळक तिरप्या अक्षरांची चाळीस वर्षं

‘दुधनी’ हे नाव जाड आणि तिरपं लिहायला घ्या. ‘ध’च्या डोक्यावरचं वळण रंगात बुजलं की त्याचा ‘घ’ होतो. ‘नी’चा काना झुकला आणि वेलांटी सरळच राहिली तर अक्षर मोडल्यासारखं दिसतं. शिरोरेषा आडवी ठेवायची की चढती, हेही आधीच ठरवावं लागतं.

ऐंशीच्या दशकात अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीसारख्या बाजारगावांत हे सगळं पेंटर ठरवत असे. खडूने दोन रेघा आखायच्या, सपाट ब्रशने दंड ओढायचे. घाई दाखवायची तर दंड झुकवायचे, जल्लोष दाखवायचा तर अख्खी ओळच वर चढवायची. या दोन वेगळ्या युक्त्या आहेत, आणि कुठे कोणती वापरायची हे त्याचा हात जाणत होता. मुंबईत कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींत हीच जाण फार वरच्या पातळीवर नेत होते.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली आणि अक्षर तिरपं करण्याचं काम बटणाकडे गेलं. रोमन लिपीतला तिरपा ठसा १५०१ मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यातून पुढे आला. त्यामागे हस्ताक्षराची वेगळी परंपरा होती. छापील देवनागरीत तशी स्वतंत्र परंपरा रुजलेली नव्हती. संगणकाचं बटण दाबलं की उभं अक्षर नुसतं उजवीकडे ढकललं जाई. त्यात ‘र’चा उतरता पाय उभा होऊन जाडावतो, ‘ळ’ची गोलाई लंगडी होते. फ्लेक्सवर हेच अक्षर दहा फुटी झालं. माझ्या मते सार्वजनिक मराठी अक्षराचं एवढं नुकसान दुसऱ्या कशानेच केलं नाही.

सुधारणा गेल्या दहा-बारा वर्षांतली. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या ‘मोदक’ या फाँटने अतिजाड देवनागरीतही आतली पोकळी बारीक रेघेएवढी राखून अक्षर वाचतं ठेवता येतं, हे दाखवलं. ‘पॉपिन्स’ या फाँटची देवनागरी निनाद काळे यांची. त्याच्या अठरा प्रकारांपैकी निम्मे तिरके आहेत, म्हणजे ठळक तिरपं मराठी अक्षर आज कुणालाही फुकट मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा अशा अक्षरांची गरज एकदम वाढली. मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, असं कायदाच म्हणतो. पण पाटी मोठी झाली म्हणून अक्षर चांगलं होत नाही.

दुधनीत प्रश्न आणखी एका लिपीचा आहे. इथे कानडी घरोघरी आहे. कानडी अक्षरं सुटी उभी राहतात, बहुतेकांच्या डोक्यावर आपापली खूण, तलकट्टू. त्यांना सलग शिरोरेषेचा आधार नाही. देवनागरीला शोभणारा झुकाव त्यांना जसाच्या तसा शोभेल असं नाही. ‘एक टाइप’ या अक्षरसंस्थेच्या ‘अनेक’ या फाँटने २०२२ मध्ये देवनागरी आणि कानडीसह दहा लिप्या एका कुटुंबात आणल्या, बारीक ते अतिजाड, अरुंद ते रुंद. त्यात तिरपा प्रकार मात्र नाही. सीमाभागातल्या पाट्यांसाठी नेमका तोच आधी काढायला हवा.